निद्रेचे ऋण

परीक्षांचा हंगाम आला की रात्र रात्र जागणाऱ्या विद्यार्थ्याचे आपल्याकडे कौतुक होते. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, ही समजूत त्यामागे असते. ज्यांच्या संशोधनाने या समजुतीला मुळातच धक्का दिला, त्या कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो यांचे चरित्र म्हणूनच आठवावेसे वाटते.

इकॉनोमो यांचा जन्म १८७६ मध्ये रुमानियातील ब्राइला येथे एका सधन ग्रीक कुटुंबात झाला. बालपण त्रिएस्त बंदरात गेले. व्हिएन्नात प्रथम त्यांनी यंत्रशास्त्राचा अभ्यास केला. पण मन रमले वैद्यकात, आणि १९०१ मध्ये ते डॉक्टर झाले. विमानविद्येचाही त्यांना विलक्षण नाद होता. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून ते आघाडीवर गेले. भाऊ कामी आल्यावर मातापित्यांच्या आग्रहावरून ते व्हिएन्नास परतले व डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करू लागले.

तेथेच एका अपरिचित साथीचे रोगी त्यांच्यासमोर आले. कित्येकजण दिवसचे दिवस निद्रिस्त राहत. काहींची मात्र झोप पार उडालेली असे. १९१७ मध्ये इकॉनोमो यांनी या मेंदूदाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. दगावलेल्यांचे मेंदू तपासताना त्यांना आढळले की, अतिनिद्रा जडलेल्यांच्या हायपोथॅलॅमसचा मागील भाग बिघडलेला होता आणि निद्रानाश झालेल्यांचा पुढील भाग. झोप आपोआप येत नाही, मेंदू ती घडवून आणतो, हा त्याचा अर्थ. १९३१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अनुमानाला पुष्टी मिळण्यास मोठा काळ जावा लागला. १९९६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांना उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढील भागात, झोपेतच कार्यरत होणाऱ्या पेशी सापडल्या. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साचत जाते, ते जागृतीच्या पेशींना आवरते आणि झोपेचा दाब वाढवते, हेही आता ठाऊक झाले आहे. म्हणूनच जागरणानंतरची झोप केवळ लांबत नाही, ती अधिक गाढ होते. बुडालेला प्रत्येक तास परत मिळत नाही. मेंदू गाढपणाने भरपाई करू पाहतो. चहा-कॉफीतील कॅफिन ॲडेनोसिनची वाट तेवढी अडवते. ऋण फेडीत नाही.

रात्रीच्या चहावर अभ्यास रेटणाऱ्या मुलाला हे घरच्यांनी आणि शिक्षकांनी सांगितले पाहिजे. मेंदू आपला हिशेब चुकवीत नाही. तो टाळण्याचा प्रयत्न करणाराच अखेर फसतो.