समर्थ रामदास : लोककलेतून लोकस्वास्थ्याकडे

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समर्थ रामदासांचे नाव उच्चारताच आपल्या मनात मठ, उपासना आणि उपदेश येतो. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या चरित्राकडे वेगळ्या दृष्टीने पाहणार आहोत. भयाने आणि भुकेने खचलेल्या समाजाला गाणे, कीर्तन, उत्सव यांचा काय उपयोग? आधी अन्न की आधी कला? हा प्रश्न आजही विचारला जातो. रामदासांनी त्याचे उत्तर लेखनातून आणि कार्यातून दिले आहे.

जांब ते कृष्णाकाठ

आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. येथे शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. जवळच्याच पैठणला संत एकनाथांनी भारुडांतून लोकांशी संवाद साधला होता. त्यांच्या निधनाला तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. परंपरेनुसार बाराव्या वर्षी नारायण लग्नमंडपातून निघून गेला, नाशिकजवळ टाकळी येथे त्याने बारा वर्षे साधना केली आणि पुढील बारा वर्षे देशभ्रमण केले.

या भ्रमणाच्या आगेमागेच, १६३० च्या सुमारास, दख्खन भीषण दुष्काळात होरपळली. सततच्या लढायांनी खेडी ओस पडली. त्या काळची दैना रामदासांनी 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' या प्रकरणांत मांडली आहे. तुम्ही ही प्रकरणे अवश्य वाचावीत. विरक्त साधकाने लोकांच्या उपासमारीकडे इतक्या थेटपणे पाहावे, हे त्यांतून विशेष जाणवते.

एकत्र येण्याच्या जागा

१६४४ मध्ये ते कृष्णेच्या खोऱ्यात आले. त्यानंतरच्या दशकात सातारा, सांगली, कोल्हापूर या आजच्या जिल्ह्यांच्या परिसरात अकरा मारुतींची स्थापना झाली आणि १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. मंदिर म्हणजे केवळ मूर्ती नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. तेथे उत्सव आला. उत्सवाबरोबर कीर्तन, आरती, महाप्रसाद आणि वाटून घ्यावयाची कामे आली. विखुरलेल्या माणसांना एकमेकांच्या शेजारी बसण्यास निमित्त मिळाले.

गाता येणारी भाषा

भाषेच्या अभ्यासकाने रामदासांची छंदनिवड पाहावी. 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरे आणि एकाच गणाची चार वेळा आवृत्ती, अशी त्याची रचना असते. ठेका ठरलेला असल्यामुळे निरक्षर माणसालाही तो पाठ होतो आणि अनेकांना एकसुरात म्हणता येतो. वीस दशकांच्या 'दासबोधा'साठी मात्र त्यांनी निरूपणास सोयीची ओवी निवडली. याखेरीज आरत्या, भूपाळ्या, भारुडे आणि डफगाणीही त्यांनी रचली. घरोघरी म्हटली जाणारी गणपतीची आरती त्यांचीच मानली जाते.

'दासबोधा'च्या चौदाव्या दशकात कवित्व, कीर्तन आणि हरिकथा यांवर स्वतंत्र समास आहेत. गायन आणि ताल यांना तेथे मान आहे; परंतु रागदारीत गुंतून कथेचा विषय हरवणाऱ्याला इशाराही आहे. श्रोत्याच्या मनात काय पालटले, यावर कलेचे मोल ठरते, ही त्यामागील भूमिका होय.

कोणाचा आवाज?

या कार्याची खरी कसोटी वेणाबाईंच्या उदाहरणात दिसते. बालविधवेने घराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठावे, अशी त्या काळची रीत होती. वेणाबाई मात्र रामदासांच्या शिष्या झाल्या, त्यांनी काव्यरचना केली, उभे राहून कीर्तन केले आणि मिरजेचा मठ सांभाळला. कलेने त्यांना समाजात उभे राहण्याची जागा दिली.

तथापि, रामदासांच्या विचारातील वर्णव्यवस्थेची चौकट दुर्लक्षून चालणार नाही. तिच्यावर आधुनिक काळात टीका झाली आहे. सर्वांना एकत्र बसवणारी कला सर्वांना समान स्थान देतेच असे नाही. हा भेद ध्यानात ठेवूनच त्यांचे मूल्यमापन करावे.

समारोप

शके १६०३, म्हणजे इ. स. १६८२ मध्ये, सज्जनगडावर रामदासांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यपरंपरेने मराठी कीर्तन तंजावरपर्यंत नेले. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला जे रूप दिले, त्यामागे मराठी कीर्तनाचीच प्रेरणा होती. कीर्तनाने दुष्काळ टळत नाही. पण संकटात सापडलेले गाव एकमेकांना धरून राहू शकते. अन्नाइतकीच त्या आधाराचीही समाजाला गरज असते, हे या चरित्रावरून आपल्या लक्षात येईल.

स्वाध्याय

१. छंदाची निवड आणि सामूहिक गायन यांचा संबंध 'मनाचे श्लोक' या रचनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील भजनी मंडळ, कीर्तन सप्ताह किंवा सोंगी भारूड यांपैकी एकाचे निरीक्षण करा. त्यात कोण सहभागी होते आणि कोण बाहेर राहते, याची नोंद करा.