ग्रेस हॉपर: एकच प्रोग्राम सगळीकडे चालावा म्हणून

मागच्या आठवड्यात मी कोड एडिटर अपडेट केला आणि डिबगर रुसला. ब्रेकपॉइंट लावला, तरी प्रोग्राम तिथे थांबेचना. कोड तोच, लॅपटॉप तोच, पण दोन टूल्सचं आपसात जमेना. तेव्हा मला ग्रेस हॉपर आठवल्या. अशी भांडणं मिटवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली.

त्यांचा जन्म १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. अलार्म कसा वाजतो हे बघायला लहानपणी त्यांनी घरातली सात घड्याळं खोलली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकन नौदलात गेल्या आणि हार्वर्डच्या मार्क १ कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहू लागल्या.

१९४७ मध्ये मार्क २ च्या रिलेत एक पतंगा सापडला. टीमने तो चक्क नोंदवहीत चिकटवला. 'बग' हा शब्द तिथूनच आला असं अनेकांना वाटतं, पण इंजिनिअर तो आधीपासूनच वापरत होते.

खरी अडचण वेगळीच होती. एका कॉम्प्युटरसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-० हा सुरुवातीचा कंपायलर बनवला. नंतर त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेतून कोबोलला बरंच काही मिळालं. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या मशीनवर चालून दाखवला गेला.

पण पुढे प्रत्येक कंपनीचं कोबोल थोडं थोडं वेगळं व्हायला लागलं. नौदलाने हॉपर यांना १९६६ मध्ये निवृत्त केलं होतं, पण १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. त्यांच्या टीमने कंपायलर नियम पाळतो की नाही हे तपासणारे चाचणी प्रोग्राम तयार केले. ते सहा महिने लांबत लांबत १९८६ पर्यंत गेले! ७९ व्या वर्षी रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या, १९९२ मध्ये वारल्या.

आज एडिटर आणि डिबगर यांच्यामध्ये डिबग अडॅप्टर प्रोटोकॉल असतो. दोघांनी तो पाळला, की कुठलाही डिबगर कुठल्याही एडिटरला जोडता येतो. माझं एक्स्टेन्शन जुनं राहिलं होतं. ते अपडेट केलं आणि ब्रेकपॉइंट लागला. तुमचंही असं अडलं, तर कोड खोडण्याआधी दोन्हींची व्हर्जन बघा.