माणिकबागेचा तरुण राजा

राजवाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? झुंबरं, कमानी, सोनेरी नक्षी? इंदूरच्या यशवंतराव होळकरांना हे नकोच होतं! जन्म १९०८ चा. वडिलांनी पद सोडलं आणि सतराव्या वर्षी गादी यांच्याकडे आली. ऑक्सफर्डला शिकताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टशी गट्टी जमली. १९३० पासून या जोडगोळीने ‘माणिकबाग’ घडवली. सरळ रेषा, काच, चकचकीत धातू, रूलमानचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची... आज तुम्ही ‘मिनिमल’ म्हणता ना, तेच!

पत्नी संयोगिताराजे कागलच्या. १९३७ मध्ये त्या ऐन तारुण्यात गेल्या. शिल्पकार ब्रांकुसीकडून ध्यानमंदिर बांधून घ्यायचं ठरलं होतं. त्याची तीन ‘पक्षी’ शिल्पंही घेऊन झाली होती. तो इंदूरला आलासुद्धा, पण मंदिर काही उभं राहिलं नाही.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९६१ मध्ये यशवंतराव गेले. १९८० मध्ये मोनॅकोत त्यांच्या फर्निचरचा लिलाव झाला. माणिकबागेत आता सरकारचं करांचं ऑफिस आहे. त्या खुर्च्या बघायच्या, तर मात्र तुम्हाला जगभरातली म्युझियम्स पालथी घालावी लागतील!