मॅडमची क्रीमची डबी

हेलेना रुबिनस्टाईन हे नाव सौंदर्यप्रसाधनांवर वाचलं असेल. पोलंडमधल्या क्राको शहरात १८७२ साली जन्मलेली ही मुलगी आठ बहिणींत थोरली. घरच्यांनी बघितलेलं स्थळ नाकारून १८९६ मध्ये बोटीने ऑस्ट्रेलियाला मामाकडे आली. धड इंग्रजी नाही, गाठीला पैसा नाही! उन्हावाऱ्याने रापलेल्या तिथल्या बायका हिची नितळ कांती बघून विचारायच्या, बाई गं, लावतेस तरी काय?

मग हिने क्रीम करूनच विकायला घेतलं. गावाभोवती मेंढ्याच मेंढ्या, त्यांच्या लोकरीतलं लॅनोलिन हाच मुख्य माल. उग्र वास सुगंधाने झाकला. जाहिरातीत मात्र युरोपातल्या डोंगरी वनस्पतींचा डांगोरा! थापच ती, पण खपली. मेलबर्नला दुकान थाटलं, १९०८ ला लंडन, पुढे पॅरिस, न्यूयॉर्क.

१९२८ मध्ये अमेरिकेतला धंदा तिने ७३ लाख डॉलरला एका बँकेला विकला. वर्षभरात शेअर बाजार कोसळला आणि पठ्ठीने तोच धंदा थोडक्या पैशांत परत घेतला. ज्यू म्हणून न्यूयॉर्कच्या एका इमारतीत फ्लॅट नाकारला, तर अख्खी इमारतच विकत घेतली. १९६५ मध्ये, ९२ व्या वर्षी ती गेली. तोवर धंद्याची सूत्रं तिच्याच हातात होती.