जडसन दांपत्याचे पहिले घर

लग्नसराई आली म्हणजे आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतून नवी जोडपी संसारास लागतात. आईबाप भांडीकुंडी देतात, मंडळी आशीर्वाद देते, पाळक उपदेशाचे चार शब्द सांगतो. पुढे ते घर कसे उभे करावयाचे हे त्या दोघांवरच येऊन पडते. अशा जोडप्यांनी, व त्यांच्या वडील माणसांनीही, वाचावे म्हणून आज आम्ही ॲन जडसन ह्या बाईंचे चरित्र थोडक्यात सांगत आहो. ब्रह्मी भाषेत पवित्र शास्त्र करणारे अदोनीराम जडसन ह्यांचे नाव पुष्कळांस ठाऊक आहे. ज्या घरात त्या शास्त्राचा आरंभ झाला ते घर ॲनबाईंनी चालविले, हे तितके कोणी ध्यानात घेत नाही.

ॲनबाईंचा जन्म २२ डिसेंबर १७८९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात ब्रॅडफर्ड ह्या गावी झाला. माहेरचे आडनाव हॅसेलटाईन. घर सुखवस्तू होते. गावच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. स्वभाव आनंदी, बुद्धी तल्लख, आणि मेळावे व समारंभ ह्यांची आवड मोठी. सोळाव्या वर्षी त्यांच्या मनाचा पालट झाला व त्यांनी आपणांस प्रभूस वाहून घेतले. पुढे त्या मुलांस शिकवू लागल्या.

सन १८१० च्या जून महिन्यात ब्रॅडफर्ड येथे मंडळ्यांची सभा भरली. आम्हांस परदेशी सुवार्तेच्या कामास पाठवावे, असा अर्ज काही तरुण विद्यार्थ्यांनी तीत केला, आणि त्या अर्जावरून अमेरिकन बोर्ड ही संस्था स्थापन झाली. अर्जदारांपैकी एक अदोनीराम जडसन हे होते. ते पाळकाचे पुत्र, वय एकवीस वर्षांचे. सभेच्या दिवसांत ते हॅसेलटाईन ह्यांच्या घरी भोजनास गेले असता ॲनबाईंची व त्यांची भेट झाली, आणि थोड्याच काळात त्यांनी मागणी घातली.

ही मागणी कशी घातली ते पाहण्यासारखे आहे. जडसनसाहेबांनी मुलीच्या बापास पत्र लिहिले आणि त्यात एकही गोष्ट झाकून ठेवली नाही. मुलगी एकदा गेली म्हणजे ह्या जगात पुन्हा दृष्टीस पडावयाची नाही. समुद्राचे भय, उष्ण देशाची हवा, दारिद्र्य, अपमान, छळ, आणि कदाचित घातपाताने मृत्यू, हे सर्व तिच्या वाट्यास येईल. इतके असूनही आपण मुलगी देण्यास राजी आहा काय, असे त्यांनी विचारले. आमच्याकडे सोयरीक जुळविताना मुलाचे कर्ज, त्याचे दुखणे, त्याचा खरा पगार ह्या गोष्टी लग्नाच्या मांडवापर्यंत झाकून ठेवण्याची चाल अजून गेलेली नाही. मग पहिल्याच वर्षी घरात संशय शिरतो. जडसनांनी पुढील घराचा पाया खरे बोलण्यावर घातला.

बापाने निर्णय मुलीवर सोपविला. गावात पुष्कळांनी ह्या बेतास वेडेपणा म्हटले. अमेरिकेतून अशा कामास तोपर्यंत एकही स्त्री गेलेली नव्हती. ॲनबाईंनी घाईने होकार दिला नाही. पुष्कळ दिवस विचार व प्रार्थना करून, आपल्या मनाची भीती आपणच तपासून, त्यांनी जावयाचे ठरविले.

५ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या दिवशी सेलम येथे जडसन, हॉल, न्यूएल, नॉट व राईस ह्या पाच जणांस दीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे पुढील वर्षी फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले व त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. तेव्हा जडसन दांपत्य व आमची महाराष्ट्रातील जुनी मंडळी ही एकाच घरची भावंडे म्हणावयास हरकत नाही.

१९ फेब्रुवारीस जडसन दांपत्य न्यूएल दांपत्यासह गलबतावर चढले आणि १७ जूनला कलकत्त्यास उतरले. तेथून जवळच श्रीरामपूर येथे, आमच्या राहुरीशेजारचे नव्हे तर बंगालमधील श्रीरामपुरात, वृद्धत्वाकडे झुकलेल्या केरीसाहेबांनी त्यांचे स्वागत केले.

ह्या प्रवासात नवराबायकोत पहिला मतभेद उत्पन्न झाला. बाप्तिस्म्याविषयी शास्त्राचा अभ्यास करता करता, प्रौढ विश्वासणाऱ्यांसच तो द्यावा, अशा मताकडे जडसनसाहेब झुकू लागले. ॲनबाईंनी त्यांस स्पष्ट सांगितले की, आपण मत बदलले तरी मी बदलणार नाही. नंतर त्यांनी स्वतः दोन्ही बाजूंची पुस्तके व शास्त्र वाचले, आणि शेवटी स्वतःच्या खात्रीने पतीच्या मतास आल्या. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यास उभयतांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या प्रश्नावर आमच्या वाचकांत दोन मते आहेत व त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस दाखवावयाचे ते इतकेच की, पतीने जबरी केली नाही व पत्नीने केवळ मान डोलाविली नाही. ह्या पालटामुळे ज्या बोर्डाने त्यांस पाठविले त्याचा आश्रय सुटला, आणि घर मांडण्यापूर्वीच पगाराचा आधार गेला.

तितक्यात इंग्रज कंपनी सरकारने त्यांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम केला. ते मॉरिशस बेटास गेले, तो तेथे त्यांच्या सोबतीण हॅरिएट न्यूएल ह्या आदल्या नोव्हेंबरातच अवघ्या एकोणिसाव्या वर्षी वारल्याचे कळले. तेथून मद्रास. मद्रासेस कंपनीच्या हाती पडण्यापूर्वी जे गलबत मिळेल ते घेणे भाग होते, आणि तेव्हा निघणारे एकच मोडके गलबत होते. ते रंगूनला जाणारे होते. वाटेत समुद्रावर ॲनबाई प्रसूत झाल्या. मूल मेलेले जन्मले. सोबतीस घेतलेली बाई निघाल्यावर लागलीच मरण पावली होती. १३ जुलै १८१३ रोजी गलबत रंगूनला, म्हणजे आजच्या यांगोनला, लागले, तेव्हा ॲनबाईंस पाऊल टाकवत नव्हते. खुर्चीला बांबू लावून ब्रह्मी लोकांनी त्यांस वाहून नेले. अशा रीतीने सासर नाही, माहेर नाही अशा गावी ह्या तेवीस वर्षांच्या मुलीचा गृहप्रवेश झाला.

घर केरीसाहेबांचे पुत्र फेलिक्स ह्यांचे होते. ते स्वतः त्या वेळी राजधानीकडे गेलेले होते. घर सागवानी व मोठे, पण आतून अपुरे, आणि गावकुसाबाहेर एकीकडे. जवळच अपराध्यांस देहान्त शिक्षा देण्याची जागा, गावाची घाण टाकण्याची जागा व प्रेते जाळण्याची जागा. रात्री चोरांचे भय इतके की, काही काळ त्यांस गावात राहावयास जावे लागले. पाव, लोणी, बटाटे ह्यांचे नाव नाही. भात व कोंबडीची आमटी हेच नित्याचे जेवण.

ह्या घरात त्या दोघांनी कामाची वाटणी केली. भाषा शिकणे हे पतीचे मुख्य काम. तेव्हा त्यांस दिवसभर मोकळीक मिळावी म्हणून घरचा सर्व भार ॲनबाईंनी आपल्यावर घेतला, आणि उरलेल्या वेळात आपणही त्याच शिक्षकापाशी बसावे असे ठरविले. शिक्षकास इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. वस्तूकडे बोट दाखवावे, त्याने नाव सांगावे, असा धडा चाले. स्त्रीला शिकविणे त्यास प्रथम कमीपणाचे वाटले. परंतु आपल्याइतकेच लक्ष तिच्याकडेही द्यावे, असा जडसनसाहेबांनी आग्रह धरला, तेव्हा तो राजी झाला.

आणि येथे एक नवल घडले. जडसनसाहेब ताडपत्रांवरील ग्रंथ घेऊन तासन् तास बसत आणि व्याकरणात पुढे गेले. पण बोलण्यात ॲनबाई त्यांच्या पुढे निघाल्या. गड्यामाणसांस काम सांगणे, बाजारहाट, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांशी बोलणे, ह्यांतून ब्रह्मी भाषा दिवसभर त्यांच्या कानी व तोंडी होती. अभ्यासाचा वेळ खाऊन टाकील असे जे घरकाम त्यांस वाटले होते, तेच त्यांची शाळा झाले. डिसेंबरात त्या तेथील सुभेदाराच्या पत्नीस भेटावयास गेल्या, आणि त्या थोर घरी त्यांचे जाणेयेणे पडले.

११ सप्टेंबर १८१५ रोजी त्यांस मुलगा झाला. जवळ डॉक्टर नाही, सुईण नाही. जडसनसाहेबांनीच सर्व केले. मुलाचे नाव रॉजर ठेविले. तो आठ महिन्यांचा होऊन १८१६ च्या मे महिन्यात तापाने गेला, व घराच्या बागेतच त्यास माती दिली. तेव्हा सुभेदाराची पत्नी मोठ्या परिवारासह त्या गावाबाहेरच्या घरी सांत्वनास आली. धर्म वेगळा, देश वेगळा. तरी तीन वर्षांच्या शेजारधर्माने तिला त्या दारी आणिले. त्या काळी जडसन दांपत्याच्या उपदेशाने एकही ब्रह्मी मनुष्य ख्रिस्ती झालेला नव्हता. त्यांचा पहिला शिष्य मौंग नाऊ ह्याचा बाप्तिस्मा २७ जून १८१९ रोजी, म्हणजे घर मांडल्यावर सुमारे सहा वर्षांनी झाला. ह्याच काळात ॲनबाईंनी रंगुनात राहणाऱ्या सयामी लोकांची भाषा शिकून मत्तयाच्या शुभवर्तमानाचे तीत भाषांतर केले.

पुढील हकीकत आम्ही संक्षेपाने सांगतो. आजारामुळे १८२१ साली त्या इंग्लंड-अमेरिकेस गेल्या व १८२३ च्या अखेरीस परत आल्या. मग उभयतांनी राजधानी आवा येथे नदीकाठी तीन खोल्यांचे छोटे घर बांधिले. इतक्यात इंग्रज व ब्रह्मी ह्यांचे युद्ध पेटले, आणि ८ जून १८२४ रोजी जडसनसाहेबांस गुप्तहेर समजून बेड्या घालून नेले. ॲनबाई गरोदर होत्या. तुरुंगात अन्न पोहोचविणे, अधिकाऱ्यांच्या व त्यांच्या बायकांच्या दारी अर्ज घेऊन जाणे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. रंगूनच्या त्या घरात जी भाषा त्या शिकल्या, तिच्या बळावरच त्यांस ही दारे उघडली. नव्या कराराच्या भाषांतराचे कागद त्यांनी उशीत शिवून पतीपाशी पोहोचविले. पुढे ती उशी फेकली गेली, तेव्हा एका ब्रह्मी शिष्याने ती उचलून जपली.

जानेवारी १८२५ मध्ये मारिया ही मुलगी झाली. कैद्यांस दूरच्या खेड्यातील तुरुंगात हलविले तेव्हा तान्ही मुलगी घेऊन बाई मागोमाग गेल्या, आणि तेथे आजारी पडून त्यांचे दूध आटले. मग जडसनसाहेब पहारेकऱ्यांची मनधरणी करून, मुलीस कडेवर घेऊन, गावातील लेकुरवाळ्या बायकांकडे दुधाची भीक मागत फिरले. त्या ब्रह्मी मातांनी परक्याच्या लेकरास पाजले. सुमारे सतरा महिन्यांच्या कैदेनंतर जडसनसाहेब सुटले, व १८२६ च्या फेब्रुवारीत तह झाला.

त्यानंतर ॲमहर्स्ट ह्या नव्या गावी ॲनबाईंनी पुन्हा एक बांबूचे घर व शाळा उभी केली. पती सरकारी वकिलातीबरोबर दुभाष्या म्हणून आव्यास गेले असता, २४ ऑक्टोबर १८२६ रोजी तापाने त्यांचा अंत झाला. वय छत्तीस वर्षे. सहा महिन्यांनी मारियाही गेली. जडसनसाहेबांचे दुःख फार खोल गेले. परंतु १८३४ साली त्यांनी ब्रह्मी भाषेतील संपूर्ण शास्त्र पुरे केले.

कोणी म्हणेल, तीन मुले गेली, एकही घर टिकले नाही, ह्यास संसार कसा म्हणावा? ह्या दुःखास गोड नाव देण्याची आमची इच्छा नाही. एका पाळकाने अशा मुलीच्या बापाचे मन जाणले पाहिजे. परंतु हे दुःख कोणी त्या बाईंवर फसवून लादले नव्हते. त्यांनी ते ऐकून, तोलून, मग पदर खोवला होता. आणि पतीनेही आपल्या विद्येइतकेच पत्नीच्या विद्येस मोल दिले होते.

नवविवाहित बंधुभगिनींनो, तुमचे पहिले घर कुडाचे असेल, गावाच्या टोकाला असेल, शेजारी परके असतील. भांड्यांची उतरंड कमी असली तर लाज वाटू देऊ नका. एकमेकांपासून काही लपवू नका. शास्त्र दोघांनीही आपापल्या डोळ्यांनी वाचा. आणि चूल, पाणवठा व बाजार ह्यांस सेवेच्या आड येणारी कामे समजू नका. सुनेच्या हाती पुस्तक दिसले तर सासूसासऱ्यांनी कुरकुरू नये. ज्या प्रभूने रंगूनच्या गावकुसाबाहेरचे ते एकटे घर सांभाळिले, तो तुमचीही घरे सांभाळो.