कोटितीर्थाकाठचे आबालाल

माझी नात न्यू जर्सीला असते. शाळेच्या सहलीत ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली होती आणि तिथून तिने आमच्या बजाजनगरच्या पत्त्यावर एक चित्रकार्ड पाठवले. दूरवर बर्फाचा डोंगर, अलीकडे घनदाट रान, मधोमध पाण्याचा डोह. फ्रेडरिक चर्च या अमेरिकन चित्रकाराचे १८५९ सालचे ‘हार्ट ऑफ द अँडीज’. आपल्याकडे असा डोंगर-पाणी रंगवणारा कोणी होऊन गेला का, असे तिने मागच्या बाजूला वेड्यावाकड्या मराठीत विचारले होते.

चर्चचे मूळ चित्र साडेपाच फूट उंच आणि जवळजवळ दहा फूट रुंद आहे. न्यूयॉर्कमध्ये ते एका अंधाऱ्या दालनात, पडदे सोडून, फक्त चित्रावर उजेड पडेल असे मांडले होते. पंचवीस सेंटचे तिकीट काढून तीन आठवड्यांत बारा हजारांवर माणसे ते पाहून गेली. नाटकाची छोटी दुर्बीण लावून लोक त्यातले पान न् पान न्याहाळत. पुढे ते दहा हजार डॉलरला विकले गेले. गंमत अशी, की चित्रातली ही जागा पृथ्वीवर कुठेच नाही. इक्वेडोरच्या दोन प्रवासांत केलेल्या रेखाटनांतून इथला डोंगर, तिथले झाड असे घेऊन चर्चने ती घरी बसून जुळवली.

नातीला काय लिहावे याचा विचार करताना मला कोल्हापूर आठवले. बँकेच्या नोकरीत तीन वर्षे तिथे होतो. रविवारी करमेना, म्हणून एकदा टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात शिरलो आणि आबालाल रहिमान यांच्या चित्रांसमोर उभा राहिलो. नाव ऐकून होतो, एवढेच.

आबालालांचा जन्म १८६०च्या आसपास कोल्हापुरातच झाला. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याचे काम चाले. अक्षर घोटून काढायचे, समासात वेलबुट्टी भरायची. मुलाचा हात तिथेच तयार झाला. असे सांगतात, की इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीला ते भाषा शिकवायला जात. तिने त्यांची चित्रे पाहिली आणि रेसिडेंटच्या शिफारशीने हा तरुण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथली शिस्त कडक होती. पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश, शरीरशास्त्र, यथादर्शन हे सारे त्यांनी इतके आत्मसात केले, की १८८८ मध्ये व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले.

सुवर्णपदक घेतलेल्या माणसाने मुंबईत राहावे, संस्थानिकांची आणि शेठजींची व्यक्तिचित्रे करावीत, घोडागाडी ठेवावी. तेव्हाचा तो सरळ रस्ता होता. राजा रविवर्मा यांची कीर्ती शिखरावर होती, पैसा व्यक्तिचित्रांत आणि पौराणिक प्रसंगांत होता. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले. १८९४ मध्ये गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार केले. मल्ल, गवई, नट अशा सगळ्यांना जपणाऱ्या या राजाने चित्रकारालाही जपले आणि विशेष म्हणजे त्याच्या मागे कामाचा लकडा लावला नाही. आबालाल कोटितीर्थ तलावाच्या काठी फकिरी वृत्तीने राहिले आणि समोर जे होते ते रंगवत बसले. कोटितीर्थाचे पाणी, रंकाळा, पावसाळ्यात निम्मा बुडणारा दगडी संध्यामठ, झाडे, गुरे, पायवाटा.

चित्रे आकाराने लहान, बरीचशी जलरंगांतली. मी पाहिलेले तळ्याचे एक चित्र वहीच्या पानाएवढेच होते. जवळ गेलो तेव्हा नुसते ठिपके दिसले. हिरवा, त्याला लागून जांभळट, मध्येच कोऱ्या सोडलेल्या कागदाचा पांढरा. वाटले, घाईत उरकले असावे. मग गर्दीला वाट द्यायला मागे सरलो आणि ते ठिपके एकदम पाणी झाले, सकाळचे, वारा नुकताच सुटलेले. जे. जे.मध्ये रेषा न् रेषा घोटणाऱ्या हाताने पुढे रेषा सोडून दिली होती आणि फक्त उजेड धरला होता. फ्रान्समध्ये मोने वगैरे मंडळी त्याच काळात याच वाटेने चालली होती. आबालाल या वाटेवर आपले आपणच आले असावेत असे मला वाटते. एकच तळे वर्षानुवर्षे पाहिले, की ते दर तासाला निराळे दिसते हे कळायला पॅरिसला जावे लागत नाही.

१९२२च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले. आबालालांची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण इथे आवाज खाली आणतो. आश्रयदाता गेल्याच्या दुःखात त्यांनी आपली चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे सांगितले जाते. आकडा वीस हजारांचा सांगतात. माझ्यातल्या बँकवाल्याला राहवेना. १८८८ ते १९२२ ही चौतीस वर्षे धरली, तर वर्षाला पाचशे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे एकही खाडा न करता दिवसाला दीडपेक्षा जास्त चित्रे झाली. चिमुकली टिपणे मोजली तर अशक्य नाही. पण आकडा भावनेने फुगलेला दिसतो. शिवाय जलरंग डिंकात कालवलेला असतो, तो पाण्यात पुन्हा विरघळतो. खरोखर कागद तळ्यात गेले असतील, तर काही वेळातच रंग पाण्यात उतरला असेल आणि हाती लागला असता तो ओला, फिकट लगदा.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. बुडालेल्या चित्रांची गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि उरलेली चित्रे आपण पाहत नाही. कोल्हापुरातल्या माझ्या तीन वर्षांत शाखेतल्या किती तरी जणांनी मला ती गोष्ट रंगवून सांगितली. त्यांतला एकही टाऊन हॉलमध्ये गेलेला नव्हता. गोष्ट इतकी सुंदर आहे, की चित्रांची गरजच उरत नाही. बाबूराव पेंटर यांनी तसे केले नाही. त्यांनी आबालालांचे काम डोळे भरून पाहिले, आणि कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांत जो ओलसर उजेड दिसतो, तो मला तिथूनच आलेला वाटतो.

महाराजांनंतर आबालाल नऊ वर्षे जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. कोटितीर्थाभोवती आता शहर दाटले आहे.

नातीला मी लिहिले, की हो, असा एक जण होता, पण त्याचे चित्र तुझ्या कार्डापेक्षा फार मोठे नसेल आणि त्यातले तळे खरे आहे, आपल्याला तिथे जाता येते. सुट्टीत आलीस की कोल्हापूरला जाऊ. आधी टाऊन हॉल, मग तळे. दुर्बीण आणू नकोस. चित्रापासून चार पावले मागे कुठे उभे राहायचे, ते मी दाखवीन.