काचेच्या पेटीपाशी आईला जागा देणारा डॉक्टर

अपुऱ्या दिवसांची जुळी जन्माला आली, की घरातल्या आनंदावर काळजीचे सावट पसरते. दोन्ही बाळांची रवानगी ‘काचेच्या पेटीत’ होते आणि आईवडिलांचे कित्येक आठवडे रुग्णालयाच्या दाराशी जातात. एकाचे वजन वाढले म्हणून हायसे वाटावे, तोच दुसऱ्याचा श्वास अडखळतो. एकाला घरी सोडले, तरी दुसऱ्यासाठी हेलपाटे चालूच राहतात. या दीर्घ मुक्कामात आईला बाळांजवळ थांबू द्यावे, तिला उपचारात सामील करून घ्यावे, हा विचार आज रुजला आहे. शतकाहून अधिक काळापूर्वी त्याचा आग्रह धरणाऱ्यांत फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ डॉ. पिएर ब्युदँ यांचे नाव अग्रभागी आहे.

ब्युदँ यांचा जन्म १८४६ मध्ये उत्तर फ्रान्समधील एका लहान गावी झाला. पॅरिसमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेताना त्यांना स्तेफान तार्निए हे गुरू लाभले. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून झालेला पराभव आणि मंदावलेला जन्मदर यांमुळे तेव्हाच्या फ्रान्समध्ये बालमृत्यू हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला होता. कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून तार्निए यांना नवजात बालकांसाठी तशीच उबदार पेटी करण्याची कल्पना सुचली. १८८० मध्ये पेटी तयार झाली आणि पॅरिसच्या ‘मातेर्निते’ प्रसूतिगृहात ती वापरात आली. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले.

गुरूंनी ऊब दिली. शिष्याने त्यापुढचा प्रश्न हाती घेतला. १८९२ मध्ये ब्युदँ यांनी पॅरिसच्या ‘शारिते’ रुग्णालयात तान्ह्या बाळांसाठी सल्ला केंद्र सुरू केले. प्रसूतीनंतर घरी गेलेल्या माता तेथे नियमितपणे येत, बाळाचे वजन होई आणि आहाराविषयी सल्ला मिळे. सुखरूप प्रसूती झाली म्हणजे डॉक्टरचे काम संपले, ही समजूत त्यांना मान्य नव्हती.

१८९५ मध्ये मातेर्नितेमधील अशक्त बाळांचा कक्ष त्यांच्याकडे आला. तान्ह्यांचे तापमान, त्यांचा आहार आणि संसर्गापासून बचाव ही त्यांच्या कामाची त्रिसूत्री होती. आजारी बाळांना त्यांनी निरोगी बाळांपासून वेगळे ठेवले. परंतु त्यांना अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. ज्या मातांना बाळापासून दूर राहावे लागले, त्यांची ओढ हळूहळू ओसरत असे. दूध आटे, भेटी विरळ होत आणि यंत्राने वाचवलेले मूल मायेला पारखे होई.

यावर ब्युदँ यांनी शोधलेला उपाय साधा होता. पेटीच्या काचेतून आईला बाळ दिसावे, तिने शक्य तितक्या लवकर स्वतःचे दूध पाजावे, असा त्यांचा आग्रह असे. अशक्त बाळ ओढून पिऊ शकत नसेल, तर दूध टिकावे म्हणून आईने दुसऱ्या सुदृढ बाळाला पाजावे, असेही ते सुचवीत. १९०० मध्ये त्यांची व्याख्याने ‘ल नूरिसाँ’, म्हणजे ‘तान्हे बाळ’, या नावाने ग्रंथरूपात आली. १९०७ मध्ये मार्सेय येथे, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात पेट्या जगभर गेल्या; आई मात्र मागे राहिली. अमेरिकेत मार्टिन कौनी यांनी जत्रांमध्ये तिकीट लावून पेटीतील बाळांचे प्रदर्शन मांडले. त्यातून हजारो जीव वाचले, पण तेथे आईची भूमिका गौण होती. पुढे संसर्गाच्या भीतीने रुग्णालयांनीही अनेक दशके पालकांना दाराबाहेर ठेवले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एदगार रेई यांनी बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास सुरुवात केली. हीच ती ‘कांगारू’ पद्धत. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली. आईचे दूध पुरेसे नसलेल्या बाळांना तिचा आधार मिळाला. भारतासह पाच देशांतील पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मानंतर लगेच आईच्या उबेत ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने घटल्याचे त्यांतून दिसले.

आज अनेक रुग्णालयांत जुळ्यांपैकी एक बाळ आईच्या आणि दुसरे वडिलांच्या छातीशी विसावलेले दिसते. ही जागा पालकांना सहजासहजी मिळालेली नाही. जेथे ती अजूनही नाकारली जाते, तेथे ब्युदँ यांचे म्हणणे पुन्हा एकदा ऐकले जायला हवे.